मर्यादवेल : खाऱ्या वाऱ्यातली हिरवी राखण

बेळगावहून रामनगर, जोयडा करीत अणशी घाट उतरला की कद्र्यापासूनच हवेतला खारटपणा जाणवू लागतो. कारवार गाठून गोव्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की माजाळी लागते. कर्नाटकाचे हे शेवटचे गाव; पलीकडे गोव्याचे पोळे. माझी मावशी लग्न होऊन या गावी आली त्याला आता पन्नास वर्षे होतील. तिच्या घरामागे नारळाची आठ-दहा झाडे, एक विहीर, आणि विहिरीच्या पुढे समुद्राकडे उतरणारी वाळू. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो, तेव्हा त्या वाळूवर जांभळ्या-गुलाबी फुलांची एक वेल दूरवर पसरलेली असायची. अनवाणी खेळताना पाय तिच्यात अडकून आम्ही पडायचो. "रान आहे ते, त्याला कुणी लावले नाही," असे मोठी माणसे सांगत. ते आम्हाला खरेही वाटे.

त्या रानाची किंमत आम्हाला कळली ती ते उपटून टाकल्यावर.

नावातच सगळे आले

या वेलीला मराठीत मर्यादवेल म्हणतात. कन्नडमध्ये ती 'अडुंबु बळ्ळी'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संगम काव्यातही समुद्रकाठच्या वर्णनात 'अडुम्बु' येते, म्हणजे कन्नड नावाची मुळे चांगलीच खोल आहेत. शास्त्रीय नाव 'आयपोमिया पेस-काप्रे'. त्यातल्या 'पेस-काप्रे'चा अर्थ शेळीचा पाय. पान मध्ये चिरलेले, दोन पाळ्यांचे असते, म्हणून हे नाव. आपल्याकडच्या माणसाला मात्र ते पान पाहून शेळीचा खूर आठवण्याआधी दसऱ्याला सोने म्हणून वाटतो तो आपटा आठवेल.

मी भाषा शिकवते, वनस्पतिशास्त्र नव्हे. त्यामुळे माझे लक्ष आधी नावाकडेच गेले. संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राचा काठ, त्याची हद्द. समुद्र आपली वेला ओलांडत नाही, ही संयमी माणसासाठी जुन्या संस्कृत साहित्यात नेहमी येणारी उपमा. 'वेला' म्हणजे काळही. मराठीत ती 'वेळ' झाली, कन्नडमध्ये 'वेळे' झाली. कोकणीत मात्र 'वेळ' म्हणजे समुद्रकिनारा हा अर्थ अजून जिवंत आहे. शिरोड्याच्या वेळागरात तो ऐकू येतो. मराठीतली 'वेल' म्हणजे लता हा शब्द निराळ्या मुळातून आला असला, तरी मर्यादवेल म्हटले की काठ, हद्द आणि लता हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागतात. भरतीची लाट जिथवर येते, त्याच्या वरच्या अंगाला ही वेल सुरू होते. समुद्राची मर्यादा कुठे आहे ते ती दाखवते.

घराणे मात्र आपल्या ओळखीचे आहे. उपासाला लागणारे रताळे, अंगणातली गणेशवेल आणि ओढ्याकाठचे बेशरम ही सगळी तिची भावंडे. फूल कर्ण्याच्या आकाराचे असते, सकाळी उमलते आणि ऊन चढून दुपार झाली की मिटते. भुंगे-मधमाश्या सकाळीच येऊन जातात.

खारेपण पचवते कशी?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. खाऱ्या जमिनीत साध्या झाडाच्या मुळांची तीच गत होते. बाहेरचे पाणी आत घ्यायचे, तर बाहेरचे मीठच पाणी ओढून धरते. शेजारी ओल असूनही झाड तहानेने वाळते. त्यात समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि कोवळी पाने कडांनी करपतात.

मर्यादवेलीचे पान जाड, मांसल आणि मेण लावल्यासारखे तुळतुळीत असते. तुषार त्यावरून ओघळून जातात. मुख्य मूळ वाळूत खोल जाते, तर वर पसरणाऱ्या फांद्या पेऱ्यापेऱ्याला नवी मुळे सोडतात. एकेक फांदी तीस-तीस फूट, कधी त्याहूनही लांब जाते. वाऱ्याने वाळू उडून वेल पुरली गेली, तर ती गुदमरत नाही; नव्या थरातून वर येते आणि त्या थरालाही मुळांनी बांधून घेते. पुन्हा वाळू येते, पुन्हा ती वर येते. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या अशाच चढत गेलेल्या असतात.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की ती हळूहळू परत आणून टाकतात. वेलीने बांधलेली टेकडी म्हणजे या देण्याघेण्यातली शिल्लक. अडीनडीच्या वर्षी समुद्र त्या शिलकेतून घेतो आणि मागचे घर वाचते.

तिचा प्रवासही खाऱ्या पाण्यानेच झाला. तिच्या बिया पाण्यावर तरंगतात आणि समुद्रात बराच काळ राहूनही रुजण्याची ताकद टिकवून धरतात. म्हणून जगाच्या उष्ण पट्ट्यात जिथे वाळूचा किनारा आहे, तिथे बहुतेक ठिकाणी ही वेल भेटते. तिला कोणत्याही सीमेवर कोणी अडवलेले नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे थोडे कौतुक वाटले तर नवल नाही!

हिरवळीने विहीर प्यायली

आता मावशीच्या घराकडे परत येते. माझा मावसभाऊ पुण्याला असतो. मुलीचे लग्न गावच्या घरी करायचे ठरले, आणि मागचे आवार "जरा नीट" करावे असे त्याच्या मनात आले. एप्रिलमध्ये जेसीबी आला. वेल, तिच्याबरोबरचे काटेरी गवत, वाळूचा उंचवटा, सारे एका दिवसात सपाट झाले. वर तांबड्या मातीचा थर पडला आणि त्यावर विकतच्या हिरवळीच्या गाद्या अंथरल्या गेल्या. फोटो फार सुंदर आले.

हिरवळीला रोज दोन वेळा पाणी लागे. विहिरीवर पंप बसला. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांतच गवत कडांनी पिवळे पडू लागले. पाणी कमी पडते आहे असे समजून पंप आणखी चालवला. मग एक दिवस मावशीने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पाणी मचूळ लागत होते. पन्नास वर्षांत त्या विहिरीचे पाणी तिला कधी तसे लागले नव्हते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावर घर असणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे. वाळूच्या किनाऱ्यावर पावसाचे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाला हलके. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या एक हात वर असेल, तर तिच्या भाराने खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी राहते, असा ढोबळ हिशेब आहे. हाच हिशेब उलटाही चालतो. पंपाने वरची पातळी एक हात उतरवली, तर खालचे खारे पाणी पुष्कळ वर चढते. म्हणजे हिरवळ जगवण्यासाठी जे पाणी उपसले, त्यानेच विहिरीत मीठ आणले. तेच मीठ गवताला घातले आणि गवत मेले. मर्यादवेलीला मात्र एकदा रुजल्यावर विहिरीचा एक पोहराही लागत नाही.

पुढे पाऊस सुरू झाला. हिरवळीची गादी आणि खालची तांबडी माती पहिल्या पंधरवड्यातच वाहून गेली. आषाढातल्या उधाणाला उघड्या वाळूचा काठ ढासळला आणि पुढच्या दोन माडांची मुळे हवेत लोंबू लागली. भाऊ फोनवर समुद्राला दोष देत होता, कुठल्या तरी बंदराच्या कामाला दोष देत होता. मावशी एवढेच म्हणाली, "अरे, मर्यादा तुम्हीच काढलीत. आता दर्याला कशाला बोल लावतोस?"

पुन्हा लावली ती अशी

ती वेल पुन्हा लावली मावशीनेच. मी फक्त हाताखाली होते. तिची रीत आणि पुढे वाचून-विचारून कळलेले यांचा मेळ घालून इथे देत आहे.

*वेळ :* उघड्या किनाऱ्याच्या बाजूला नारळी पौर्णिमेनंतर लावावी. लाटांचा जोर उतरलेला असतो आणि पाऊस अजून बाकी असतो. आवार लाटांपासून लांब असेल, तर मृगाच्या पावसावर लावायलाही हरकत नाही.

*फाटे :* हात-दीड हात लांबीचे, चार-पाच पेरी असलेले फाटे घ्यावेत. अगदी कोवळा शेंडा नको आणि लाकूड झालेला बुंधाही नको. शेजाऱ्याच्या आवारातल्या किंवा वाटेवर आलेल्या, तुडवल्या जाणाऱ्या फांद्यांचे फाटे घेतले तर उत्तम. किनाऱ्यावरच्या टेकडीवरची वेल मुळासकट उपटू नये. एकाची जखम बांधण्यासाठी दुसऱ्याला जखम करण्यात अर्थ नाही.

*लावणी :* खालची पाने काढून दोन-तीन पेरी ओल्या वाळूत आडवी-तिरपी पुरावीत, शेंडा वर ठेवावा आणि भोवतीची वाळू पायाने दाबावी. दोन फाट्यांत दोन ते तीन फूट अंतर पुरे. पाऊस नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे रोज थोडे पाणी, पुढे दोन-तीन दिवसांआड, आणि नवी पाने जोमाने येऊ लागली की बंद. शेणखत, रासायनिक खत, तांबडी माती यांपैकी काही नको. खत मिळाले की ती नुसती पाने काढत बसते. तिला हवे असते वाळू आणि दिवसभराचे ऊन. दाट सावलीत ती रोडावते.

*बी :* पिकलेले बोंड तपकिरी, कागदासारखे होते. आत मखमली लव असलेल्या चार बिया असतात. कवच इतके टणक की नुसती पेरलेली बी कित्येक महिने तशीच पडून राहते. डोळ्याच्या विरुद्ध बाजूने ती खरखरीत दगडावर घासावी, आतला फिकट भाग दिसताच थांबावे आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावी. सकाळी जी फुगलेली असेल ती बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी.

*निगा :* ही वेल पायाखाली तुडवलेली सोसत नाही. म्हणून समुद्राकडे जायची एकच वाट ठरवावी. जमले तर तिच्यावर फळ्या टाकाव्यात. दुसऱ्या वर्षापासून ती अंगणात, वाटेवर घुसू लागते. तेव्हा कडा कोयत्याने छाटाव्यात आणि छाटलेले तुकडे जिथे वाळू उघडी असेल तिथे खोचावेत.

सोबती कोण?

एकट्या वेलीवर सगळा भार टाकू नये. तिच्याबरोबर वाळूत वाढणारे ते गोल काटेरी झुबक्यांचे गवत आपण सर्वांनी पाहिले आहे. वाळलेला झुबका वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर गडगडत धावतो. मराठीत त्याला 'रावणाच्या मिशा' म्हणतात, आणि कन्नडमध्येही 'रावणन मीसे'! दोन भाषांना एकच थट्टा सुचली आहे. वेल आडवी पसरते, मिशा उभ्या राहून उडती वाळू अडवतात. मागच्या रांगेत केवडा, आणि त्याहून आत उंडी (कन्नडमध्ये सुरहोन्ने) व करंज (होंगे) अशी आपली झाडे लावावीत.

सुरूबद्दल थोडे लिहायला हवे, कारण कारवारचा किनारा म्हटला की सुरूचे बन डोळ्यांपुढे येते. सुरू इथला नव्हे. एकोणिसाव्या शतकात, १८६८ च्या सुमारास, जळणासाठी तो कारवारकडे आणून लावला गेला. वारा अडवण्याचे काम तो करतो, सावलीही देतो. पण त्याच्या काड्यांचा जाड थर आणि सावली यांखाली मर्यादवेलीसारखे जमिनीलगतचे रान वाढत नाही, आणि लाटांनी पायाखालची वाळू नेली की मोठमोठे सुरू आडवे होतात. वाळूच्या अगदी पुढच्या रांगेत सुरू नको, ती जागा वेलीची.

रोपवाटिकांत 'वेडेलिया' नावाची पिवळ्या फुलांची वेल स्वस्तात मिळते. तीही खारी हवा सोसते, म्हणून पुष्कळांना ती सोपी वाटते. ती अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली आणि जगातल्या अत्यंत उपद्रवी परक्या वनस्पतींच्या यादीत गणलेली आहे. एकदा सुटली की दुसरे काही उगवू देत नाही. ती टाळावी.

काही पथ्ये

वाळूच्या टेकड्या किनारपट्टी नियमनाच्या नियमांत सर्वात संवेदनशील भागात मोडतात. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तिन्ही अधिसूचनांत त्यांना संरक्षण आहे. आपल्या आवारात हवे ते लावावे. सार्वजनिक किनाऱ्यावर लावायचे असेल, तर पंचायत आणि वनखाते यांना विचारून. भरतीरेषेच्या वरच्या मोकळ्या वाळूत समुद्रकासव अंडी घालतात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग ही तशी नावाजलेली ठिकाणे आहेत. कासव येत असतील तिथे उघडी वाळू तशीच राहू द्यावी. वेल टेकडीवरच असावी.

किनाऱ्यावरच्या लोकांत या पाल्याचा लेप सांधेदुखीवर आणि समुद्रातल्या जेलीफिशच्या दाहावर लावण्याची चाल पूर्वापार आहे. पोटात घेण्याचे प्रयोग मात्र घरी कोणी करू नयेत, आणि मुलांना बिया तोंडात घालू देऊ नयेत.

बेळगावकरांनी काय करावे?

आपल्याकडे समुद्र नाही, मग हे सारे कशाला, असे कुणी विचारील. अथणी, रायबाग, चिकोडी, पलीकडे शिरोळ इकडे पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेली जमीन ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांना ही वेल आशेची वाटेल. त्यांना आधीच सांगते : ती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी जमीन हिच्या कामाची नाही. तिथे निचऱ्याचे चर काढणे हाच पहिला उपाय. घरी हौस म्हणून लावायची असेल, तर निम्म्याहून जास्त वाळू घातलेल्या रुंद कुंडीत, पूर्ण उन्हात, कठड्यावरून खाली सोडावी.

पण आपल्यापैकी किती घरांचे एक दार किनाऱ्यावर उघडते! कुणाचे माहेर अंकोल्याला, कुणाचे देवस्थान वेंगुर्ल्याकडे, कुणी गोव्यात जागा घेऊन ठेवलेली. १९३० साली मिठासाठी शिरोड्यात सत्याग्रह झाला, तसाच अंकोल्यातही झाला. एकीकडे मराठी घोषणा, दुसरीकडे कन्नड. मीठ दोन्हीकडचे सारखेच खारट होते. आज त्याच किनाऱ्यावर आपण सुटीला जातो, जागा घेतो, आणि पहिले काम म्हणून तिथले रान "साफ" करतो. तेवढे एक काम करू नये, एवढीच या लेखाची विनंती.

मावशीकडे वेल लावून आता तीन पावसाळे झाले. लोंबणाऱ्या मुळांचा एक माड पहिल्याच वर्षी पडला. दुसरा तगला, त्याच्या बुंध्याशी पुन्हा वाळू चढली आहे. गेलेला सगळा उंचवटा परत आलेला नाही. समुद्राने मनावर घेतले तर ही वेल त्याला रोखू शकणार नाही, तिलाही मर्यादा आहे. पंप काढून टाकला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी पुष्कळसे निवळले. पूर्वीइतके गोड झाले का, असे मी मागच्या मे महिन्यात मावशीला विचारले. तिने उत्तर दिले नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्याच पाण्याचा चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. मागच्या दारी बसून आम्ही तो प्यायलो. समोर फुले उमललेली होती आणि भावाची नात त्या वेलीत पाय अडकून धपकन पडली.

"मर्यादेत खेळ गं!" मावशी आतून ओरडली.